डॉक्टरांची चिठ्ठी कुठवर चालते?



नसांचं दुखणं ज्याला जडलं, त्यालाच ते कळतं. नागीण बरी होते, फोड वाळून जातात, पण कातडीखालची आग महिनोन्महिने धुमसत राहते. मधुमेह जुना झाला की काहींचे तळपाय रात्री असे पेटतात, की सुती चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. माणूस पाय चादरीबाहेर काढून जागाच राहतो. केमोथेरपीनंतर किंवा मणक्याच्या ऑपरेशननंतरही असं दुखणं मागे उरू शकतं आणि नेहमीच्या वेदनाशामक गोळीला ते सहसा दाद देत नाही.

अशा काही रुग्णांना परदेशातले डॉक्टर गांजापासून तयार केलेली औषधं लिहून देतात. तेल, कॅप्सूल, तोंडात मारायचा फवारा, कधी वाळवलेली फुलं. कॅनडात ही सोय २००१ पासून आहे, जर्मनीत मार्च २०१७ पासून, आणि ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०१८ पासून तज्ज्ञ डॉक्टरांना ती लिहून देता येतात. त्यांचा गुण किती, याचा पुरावा अजून तोकडा आहे. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेनं २०१९ मध्ये जुनाट वेदनेसाठी त्यांची शिफारस केलेली नाही. तरीही ज्याला त्या औषधानं रात्रीची झोप लागते, त्याला ते घेतल्याशिवाय प्रवासाला निघायची धास्ती वाटणारच. आणि प्रवास तर टळत नाहीत. घरचं लग्न असतं, आईचं आजारपण असतं.

अशा वेळी बॅगेत औषध, खिशात चिठ्ठी, आता कसली काळजी, असं वाटतं. काळजी तिथूनच सुरू होते.

मार्क फोगेल हे अमेरिकन शिक्षक मॉस्कोतल्या शाळेत शिकवत. पाठीच्या जुन्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी सुचवलेला सुमारे १७ ग्रॅम गांजा त्यांच्या सामानात होता. ऑगस्ट २०२१ मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर त्यांना अटक झाली आणि पुढच्या वर्षी १४ वर्षांची शिक्षा. सुटका व्हायला फेब्रुवारी २०२५ उजाडलं. बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्राइनर फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच विमानतळावर पकडली गेली. तिच्याजवळ सापडलेलं गांजाचं तेल एक ग्रॅमही भरत नव्हतं. घाईत सामान भरताना ते बॅगेत राहिलं, असं तिनं कोर्टात सांगितलं आणि तिच्या वकिलांनी अमेरिकेतल्या डॉक्टरांचं पत्र हजर केलं. तरी नऊ वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबरमध्ये अमेरिका आणि रशियानं कैद्यांची अदलाबदल केली, म्हणून ती सुटली.

डॉक्टरांच्या चिठ्ठीला बळ असतं ते त्यांच्या देशाच्या कायद्याचं, आणि हा कायदा सरहद्दीपाशी थांबतो. ब्रिटनमधून निघताना तीन महिन्यांहून कमी पुरेल एवढं नियंत्रित औषध जवळ असेल, तर डॉक्टरांचं पत्र पुरतं, वेगळा परवाना लागत नाही. पण ही सूट ब्रिटनची आहे. विमान जिथे उतरणार, तिथे तिचा उपयोग नाही. कॅनडात गांजा दुकानात मिळतो, पण तो देशाबाहेर नेणं किंवा बाहेरून आत आणणं गुन्हा आहे, औषध म्हणूनसुद्धा. आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आहे. त्यानं भांगेची पानं वगळली, पण गांजाची फुलं आणि चरस नाही. परदेशी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून ते भारतात आणता येत नाहीत. अगदी थोड्या प्रमाणातही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वाटेत दुबईला किंवा सिंगापूरला विमान बदलायचं असेल, तर तिथले कडक कायदेही आड येतात.

हा प्रश्न केवळ परदेशस्थांचा नाही. नसांच्या दुखण्यावर आपल्याकडे सर्रास दिली जाणारी प्रीगॅबालिनची गोळी ब्रिटनमध्ये एप्रिल २०१९ पासून नियंत्रित औषध आहे आणि संयुक्त अरब अमिरातीतही ती नियंत्रितच आहे. मुलाकडे दुबईला निघालेल्या आजी-आजोबांच्या औषधांच्या डब्यात ही पाकिटं असतात. अमिरातीच्या सरकारकडून अशा औषधांची परवानगी आधी घेता येते. ती घ्या. गोळ्या मूळ पाकिटात ठेवा, चिठ्ठी आणि बिल जवळ असू द्या.

गांजाच्या औषधाबाबत माझा सल्ला स्पष्ट आहे. प्रवासातल्या प्रत्येक देशाच्या वकिलातीकडून लेखी उत्तर मिळाल्याशिवाय ते बरोबर घेऊ नका. तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटा. गॅबापेन्टिन, ॲमिट्रिप्टिलीन यांसारख्या पर्यायी औषधांचा डोस हळूहळू वाढवावा लागतो आणि गुण यायला काही आठवडे जातात. विमानाच्या आदल्या दिवशी ही अदलाबदल साधत नाही. चालू औषधही स्वतःच्या मनानं एकाएकी सोडू नका.

आता दोन शब्द सरकारांसाठी. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानं अमली पदार्थांवर बंधनं घातली, पण वैद्यकीय वापराला वाव ठेवला. युरोपात शेंगेन देशांनी रुग्णांसाठी एक प्रमाणपत्र ठरवलं आहे. डॉक्टर ते भरतात, सरकारी कचेरी शिक्का मारते आणि तीस दिवसांपर्यंतचं औषध एका देशातून दुसऱ्या देशात नेता येतं. जे युरोपात जमलं, ते मुंबई, लंडन आणि टोरांटो यांच्यात जमणं अवघड असलं तरी अशक्य नाही. तस्कराला पकडणारा कायदा हवाच, पण त्याच कायद्यानं दुखण्यानं गांजलेल्या माणसाला तस्करांच्या रांगेत उभं करू नये. रुग्णानं उघडपणे विचारावं, सरकारनं वेळेत लेखी उत्तर द्यावं, एवढी वाट तरी खुली झालीच पाहिजे. ती होईपर्यंत, श्रोतेहो, विचारल्याशिवाय निघू नका.