हॅना ग्रीनर आणि मोजलेली भूल

माननीय अध्यक्ष, उद्घाटक आणि गावोगावहून आलेले भूलतज्ज्ञ बंधुभगिनींनो,

मिरजेत आपलं मनःपूर्वक स्वागत. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय उभारलं, तेव्हापासून उपचारासाठी आलेल्या परगावच्या माणसाला या गावानं आपलं मानलं आहे. आज तुम्ही आलात, याचा आनंद फार मोठा आहे.

१६ ऑक्टोबर १८४६ हा दिवस आपण सगळेच साजरा करतो. बोस्टनमध्ये दंतवैद्य मॉर्टन यांनी ईथर हुंगवलं आणि वॉरन यांनी रुग्णाच्या मानेवरची गाठ काढली. जॉर्जियात क्रॉफर्ड लाँग यांनी १८४२ मध्येच ईथर वापरलं होतं. जपानचे हानाओका सेइशू तर १८०४ मध्ये वनस्पतींचं औषध पाजून स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करून बसले होते. पहिला मान कुणाचा, हा वाद चालू राहू दे. मला आज नाव घ्यायचं आहे ते हॅना ग्रीनरचं.

न्यूकॅसलजवळची पंधरा वर्षांची मुलगी. २८ जानेवारी १८४८ रोजी पायाच्या बोटाचं नख काढायचं म्हणून तिला कापडावर ओतून क्लोरोफॉर्म दिला. काही मिनिटांत पोर गेली. एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणून तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. त्यांचं म्हणणं पडलं की, शुद्धीवर आणायला तोंडात घातलेल्या पाण्यानं आणि ब्रँडीनं ती गुदमरली. लंडनचे जॉन स्नो मात्र मात्रेकडे वळले. कापडावरून एका श्वासात किती वाफ जाते, यावर कुणाचा ताबा होता?

आपली विद्या, माझ्या मते, या प्रश्नापासून सुरू होते. तापमान बदललं की हवेत किती वाफ मावते, हे स्नो यांनी मोजलं. प्राण्यांवर प्रयोग केले, वाफेचं प्रमाण आवाक्यात ठेवणारी उपकरणं घडवली आणि दिलेल्या प्रत्येक भुलीची नोंद वर्षानुवर्षं लिहिली. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणात त्यांनी रुमालच वापरला खरा. पण क्लोरोफॉर्म थेंब मोजून, थोडा थोडा दिला. त्या हाताला मात्रा ठाऊक होती.

म्हणूनच आमच्या समितीनं पहिलं सत्र भुलीतल्या मृत्यूंच्या चर्चेला दिलं आहे. लहान रुग्णालयांत एकट्यानं भूल देणाऱ्यांनी तिथे अवश्य बोलावं. रुग्णाचं, रुग्णालयाचं नाव कुणी विचारणार नाही. मात्रा, वेळ आणि नोंदी तेवढ्या सोबत आणा. आता उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावं, अशी विनंती करतो.