बाळंतपण कोठे करावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला "बायकांच्या उपयोगी पडेल असे काहीतरी बोला" असे सांगितले. मी एकतीस वर्षे प्रसविका म्हणून नोकरी केली. तेव्हा मी बोलणार ते बाळंतपणाविषयीच, हे तुम्ही ओळखलेच असेल! विषयाला निमित्तही आहे. या घटकेला आपल्या दोन गल्ल्यांत तीन सुना आणि एक माहेरी आलेली लेक, अशा चौघींचे दिवस भरत आले आहेत. चारही घरांत वाद एकच चालू आहे. जवळच्या लहान प्रसूतिगृहात जावे, की मोठ्या इस्पितळात?

एक बाजू म्हणते, "लहान ठिकाणी आपली माणसे. नावाने हाक मारतात, घरचा डबा वेळेवर जातो, आईला सोबतीला राहू देतात." दुसरी म्हणते, "ते सगळे खरे, पण आयत्या वेळी काही झाले तर?" दोघींचेही म्हणणे रास्त आहे, म्हणूनच वाद मिटत नाही.

हा प्रश्न काही आपल्याच घरांत पडतो असे नाही. इंग्लंडात प्रसविकांनी चालविलेली प्रसूतिकेंद्रे असतात. तेथे शस्त्रक्रिया होत नाही. काही केंद्रे इस्पितळाच्या आवारात असतात, काही दूर असतात. त्या देशात सुमारे 64,000 निरोगी गर्भवतींची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. केंद्रात बाळंत होण्याचे ठरविलेल्या बायकांच्या बाळांना इस्पितळातल्यापेक्षा अधिक धोका आढळला नाही, आणि आयांच्या वाट्याला शस्त्रक्रियाही कमी आल्या. हे वाचून हुरळून जाऊ नका, पुढचे ऐका. पहिलटकरणींपैकी शंभरात 36 ते 40 जणींना कळा चालू असताना किंवा बाळंतपण होताच तेथून इस्पितळात हलवावे लागले. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांत हे प्रमाण शंभरात 9 ते 13 होते. बाळंतपण पुढे सरकेना, हे हलविण्याचे सर्वांत मोठे कारण होते.

आपल्याकडचे लहान प्रसूतिगृह म्हणजे ते केंद्र नव्हे. येथे डॉक्टर असतात, पुष्कळदा शस्त्रक्रियेची खोलीही असते. पण भूल देणारे डॉक्टर आणि बाळांचे डॉक्टर अनेक ठिकाणी फोन करून बोलवावे लागतात, आणि रक्त बाहेरून आणावे लागते. म्हणून तिकडचे आकडे जसेच्या तसे आपल्या गल्लीला लागू करता येणार नाहीत. घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की लहान ठिकाण निवडायचे तर हलविण्याची तयारी आधी झालेली हवी.

उलट, जेथे यंत्रे अधिक आणि बिल मोठे तेथे सर्व ठीक, असेही समजू नये. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील खाजगी दवाखान्यांत झालेल्या बाळंतपणांपैकी शेकडा 47.4 सिझेरियन निघाली, आणि सरकारी ठिकाणी शेकडा 14.3. आता बायकांची शरीरे काही खाजगी आणि सरकारी अशी दोन प्रकारची नसतात! सिझेरियन वाईट, असे मी मुळीच म्हणत नाही. अडलेल्या बाळंतिणीचा आणि बाळाचा जीव त्यानेच वाचतो. मात्र "का करावे लागत आहे?" असे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि चांगले डॉक्टर त्याचे उत्तर देतात.

माझ्या नोकरीतील एक हकीकत सांगते. तिसऱ्या खेपेची बाई, सगळे सुरळीत. दोन तासांत मोकळी झाली, बाळ खणखणीत रडले, वारही पडली. आणि मग रक्त थांबेना. इंजेक्शन दिले, पोट चोळून पाहिले, तरी थांबेना. पण तिच्या नवऱ्याने आठव्या महिन्यातच मोठ्या इस्पितळाची वाट पाहून ठेवली होती, गाडीवाल्याला सांगून ठेवले होते, रक्त देणारे दोन भाऊ तयार ठेवले होते. वीस मिनिटांत ती तेथे पोचली, आणि आठव्या दिवशी बाळ घेऊन घरी आली. गाडी कोणाची आणावी, कोणत्या इस्पितळात न्यावे, याची दारात उभे राहून चर्चा करण्यात गेलेला अर्धा तासही मी पाहिला आहे. ती हकीकत आजच्या आनंदाच्या दिवशी सांगत नाही.

आता नेमके सांगते. रक्तदाब वाढलेला, साखर, जुळे, पायाळू मूल, वार खाली असणे, आधीचे सिझेरियन, मागच्या खेपेला झालेला मोठा रक्तस्राव, हिमोग्लोबिन 7 च्या खाली, किंवा 37 आठवड्यांआधीच सुरू झालेल्या कळा, यांपैकी एकही गोष्ट असेल तर वाद नकोच. जेथे रक्त, शस्त्रक्रिया आणि बाळांचे डॉक्टर रात्रंदिवस आहेत तेथेच जावे.

यांपैकी काही नसेल, तर दोन्ही ठिकाणे पाहून यावी आणि संकोच न करता विचारावे. रात्री दोन वाजता भूल देणारे डॉक्टर किती वेळात येतात? रक्त कोठून येते? बाळ रडले नाही तर त्याला श्वास देणारे शिकलेले माणूस हजर असते का? येथून हलवावे लागले तर कोठे आणि कशाने? आणि आणखी एक: कळांच्या वेळी घरची बाई जवळ राहू देतात का? हा लाड नव्हे. सरकारी रुग्णालयांसाठी 2017 मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सोबतिणीला जागा दिलेली आहे.

खर्चाची धास्ती असेल तर हेही लक्षात ठेवा. 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे आणि रक्त मोफत आहे. जाण्यायेण्याच्या वाहनाचीही त्यात तरतूद आहे.

माहेरी येणाऱ्या लेकींसाठी वेगळे सांगते. नवव्या महिन्यात गाडीतून उतरायचे आणि मग नाव घालायला धावायचे, असे करू नका. सातव्या-आठव्यातच सगळे कागद घेऊन यावे आणि येथल्या डॉक्टरांना दाखवावे.

आणि सर्वांत शेवटची गोष्ट सासवांना आणि आयांना, म्हणजे मलाही धरून. या वादात जिला कळा येणार, तिला कोणी विचारले का? ती कशाला भिते, तिला कोण जवळ हवे, हे शांतपणे विचारा. तिचा जीव जेथे निर्धास्त राहील आणि धोका आला तर जेथून वेळेत पुढे जाता येईल, ते ठिकाण चांगले, मग ते लहान असो वा मोठे.

माझी मंडळाला एक सूचना आहे. रात्री-अपरात्री गाडी काढतील अशी घरे, रक्त देण्यास तयार असलेली माणसे, जवळच्या रक्तपेढीचा आणि 108 रुग्णवाहिकेचा क्रमांक, असा एक तक्ता करून मंडळाच्या दारावर लावावा. त्या चौघींपासूनच त्याची सुरुवात करू या. पहिले नाव माझ्या घरचे लिहा. गाडी जुनी आहे, पण हाकेला निघते.