पाचशे रुपयांची जागा

लखनौला आलेल्या माणसाने एक संध्याकाळ तरी हजरतगंजात रमतगमत घालवावी, असा इथला परिपाठ आहे. या निरुद्देश भटकंतीला इथे ‘गंजिंग’ असे खास नाव आहे. 1827 मध्ये नवाब नसिरुद्दीन हैदर यांच्या अमदानीत हा बाजार वसला आणि 1842 मध्ये नवाब अमजद अली शाह यांच्या ‘हजरत’ या उपनावावरून त्याला आजचे नाव मिळाले. नवाबांनी पालख्यांची सोय पाहिली असेल. मोटारींची सोयही त्यांनीच करून ठेवायला हवी होती, असे मात्र आम्हां मोटारवाल्यांना मनोमन वाटत असते.

मी सरकारी नोकर आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. कारण त्याखेरीज पुढची हकीकत कळावयाची नाही. माझ्या मोटारीच्या पुढल्या काचेमागे माझ्या हुद्द्याची एक लहानशी पाटी असे. गाडी कोठेही उभी केली तरी मला दंड होत नसे आणि आपण गाडी नेहमी योग्य जागीच लावतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

एका संध्याकाळी एका अरुंद बाजारपेठेत औषधाच्या दुकानासमोर गाडी ठेवून मी आत गेलो. पाच मिनिटांनी बाहेर येऊन पाहतो तो मागे रस्ता तुंबलेला. एका सायकलरिक्षात पायाला प्लास्टर घातलेली एक वृद्ध बाई बसली होती आणि रिक्षावाला खाली उतरून वाट शोधीत होता. त्याने पाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि अदबीने म्हणाला, “हुजूर, ज़रा-सी जगह दे दीजिए.” लखनौची अदब शिवी देत नाही, म्हणूनच ती अधिक झोंबते. घरी जाऊन मी ती पाटी काढली आणि आठवड्याच्या आत पहिले चलान हाती आले!

मग मी कायदा वाचला. इतरांना नियम दाखविण्यात ज्याची हयात गेली त्याने तो आधीच वाचायला हवा होता. 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाचे 122 वे कलम सांगते की, इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने वाहन उभे करू नये. 177 व्या कलमाखालील दंड पूर्वी पहिल्या खेपेस शंभर रुपयांपर्यंत होता. 1 सप्टेंबर 2019 पासून तो पाचशे झाला आणि पुढच्या प्रत्येक खेपेस दीड हजारापर्यंत. गाडी उचलून नेली, तर 127 व्या कलमान्वये तो खर्चही मालकाच्याच माथी. तेव्हा चौक, वळण, पदपथ, बसथांबा, शाळेचे अथवा इस्पितळाचे फाटक या जागा सोडाव्यात आणि चार पावले चालावे. दंड टाळण्याची याहून खात्रीची युक्ती मला सापडलेली नाही.

ते पहिले चलान मी निमूटपणे भरले. चूक माझी होती. परंतु पुढे आणखी एक नोटीस आली. तिच्यावर माझ्या गाडीचा यू.पी. 32 ने सुरू होणारा क्रमांक होता. छायाचित्रात मात्र एक स्कूटर! शेवटचा तीनचा आकडा कोणीतरी आठ वाचला होता. कचेरीतील एक सहकारी म्हणाले, “साहेब, एक फोन करा, काम झाले.” हात फोनाकडे गेलाही होता. पण ज्याच्यापाशी फोन करण्याजोगा हुद्दा नाही, त्याने काय करावे? या प्रश्नाने मला थांबविले.

अशा वेळी मार्ग आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनी, यंत्राने टिपलेल्या गुन्ह्याच्या नोटिशीत छायाचित्र, स्थळ, तारीख, वेळ आणि कलम नमूद असावे, अशी अट घातली. प्रथम हे सारे ताडून पाहावे. चूक दिसली तर नोंदणीपत्राची प्रत आणि गाडीचे छायाचित्र जोडून मुदतीत लेखी तक्रार करावी. प्रकरण आभासी न्यायालयात गेले असेल, तर दंड भरण्याप्रमाणेच तो अमान्य करण्याचाही पर्याय तेथे असतो; मग खटला नेहमीच्या न्यायालयापुढे येतो. मी तक्रार केली, दोनदा स्मरणपत्र धाडले आणि अखेरीस ते चलान रद्द झाले. फोनाने तासाभरात झाले असते, त्याला दोन महिने लागले. एवढ्या अवधीत सामान्य माणूस कंटाळून पाचशे रुपये भरून मोकळा होतो, हे मला तेव्हा कळले.

दुसरेही लोक आहेत, जे काहीच करीत नाहीत. 2023 मध्ये उत्तर प्रदेश शासनाने 2017 ते 2021 या काळातील प्रलंबित चलाने रद्द केली, तेव्हा वेळेवर भरणारे हिरमुसले आणि न भरणारे हसले. मीही क्षणभर हिरमुसलो. मग ती रिक्षातली बाई आठवली. दंड माफ होऊ शकतो; तिला जी वाट मिळाली नाही ती कोणी माफ करावी?

हल्ली मी गाडी हजरतगंजच्या बहुमजली वाहनतळावर ठेवतो आणि बाजारात पायी जातो. माझे गंजिंग खऱ्या अर्थाने आता कुठे सुरू झाले आहे.