आकड्यांची वही उघडी हवी
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



विज्ञान म्हणजे थोरांची वचने नव्हेत. एकाने काढलेला निष्कर्ष दुसऱ्याला तपासता आला पाहिजे, ही विज्ञानाची पहिली अट. ती मोडली की काय होते, हे माझ्याच विषयातील एका उदाहरणाने सांगतो.

२०१० साली कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या नामांकित अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. सरकारी कर्ज देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेले की प्रगत देशांचा विकास खुंटतो, सरासरी वाढ उणे ०.१ टक्के होते, असा त्याचा निष्कर्ष. सार्वजनिक खर्चात कपात करू पाहणाऱ्या युरोप-अमेरिकेतील राज्यकर्त्यांनी तो उचलून धरला. केवळ त्या निबंधामुळे कपात झाली, असे मी म्हणणार नाही. परंतु कपातीच्या कपाळी शास्त्राचा टिळा लागला, हे खरे.

पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन हा विद्यार्थी वर्गातील स्वाध्याय म्हणून तेच गणित मांडू लागला. उत्तर जुळेना. त्याने लेखकांकडे मूळ तक्ता मागितला. त्यांनी तो दिला. पाहतो तो २० देशांपैकी पाच देशांच्या ओळी सरासरीत धरल्याच नव्हत्या! काही वर्षांचे आकडेही वगळलेले होते आणि सरासरीची पद्धत शंकास्पद होती. २०१३ साली त्याने आपल्या दोन प्राध्यापकांसह फेरमांडणी प्रसिद्ध केली, तेव्हा उणे ०.१ च्या जागी २.२ टक्के आले. ओळी सुटल्याचे लेखकांनी मान्य केले. निष्कर्ष मात्र सोडला नाही. तो वाद विद्वानांनी खुशाल चालवावा. आपला प्रश्न असा की, तो तक्ता २०१० सालीच सर्वांसमोर असता तर? चूक विद्वानांची झाली. कपात सोसणाऱ्या कामगाराला आणि पेन्शनराला ती तपासण्याची सोयच नव्हती.

आपल्याकडे तर २०१७-१८ च्या कुटुंब-खर्च पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१९ साली घेतला. कारण दिले, आकड्यांचा दर्जा. अहो, दर्जा सदोष असेल, तर तो दोषही आकडे उघड केल्यावरच सिद्ध होतो!

मात्र हा नियम आपल्यालाही लागू आहे. वस्तीतील पाहणीचे आकडे आपण पत्रकात छापतो, तेव्हा किती घरे पाहिली, कोणती सुटली, काय विचारले, हेही छापले पाहिजे. विरोधकाने आपली चूक दाखवली तर त्यात अपमान नाही. चूक सापडण्याची वाटच बंद ठेवणे, यात मात्र आहे.