प्राथमिक शाळेतील इंग्रजी आणि आपली मुले
(सेलू येथे पालकांसमोर केलेले भाषण)



आपल्या मुलाला इंग्रजी आले पाहिजे, ही इच्छा आज सेलूच्या प्रत्येक वस्तीत ऐकू येते. ती इच्छा योग्यच आहे. परंतु इच्छा योग्य असली म्हणजे मार्गही आपोआप योग्य सापडतो, असे नाही. म्हणून आज मला मार्गाविषयी बोलावयाचे आहे.

आपला परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचा कारभार उर्दूत चाले. १९१८ साली हैदराबादेत निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. घरात मराठी बोलणाऱ्या माणसाला आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा लागे, आणि जो वाचून दाखवील त्याच्या इमानावर विसंबून राहावे लागे. मग ज्याला शाळेची पायरीही चढू दिली जात नव्हती, त्या आपल्या समाजाची गत काय वर्णावी? अंगठा हीच त्याची सही. कारभाराची भाषा ज्याला वाचता येत नाही त्याचे हक्क दुसऱ्याच्या मुठीत राहतात, हा त्या काळाने दिलेला धडा आहे.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते दार त्यांना बंद झाले आणि फारसी घ्यावी लागली. इंग्रजीचे दार मात्र त्यांनी सताड उघडले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेला ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांनी मुळात इंग्रजीतच लिहिला. पण हेही ध्यानात धरा की, आपल्या माणसांना जागे करण्यासाठी १९२० साली ‘मूकनायक’ आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ ही पत्रे त्यांनी मराठीत काढली. एका भाषेसाठी दुसरी टाकून द्यावी लागते, असे त्यांच्या चरित्रात कोठेही दिसत नाही.

विनयपिटकात एक कथा आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्षूंनी भगवान बुद्धांना विनंती केली की, आपले वचन छंदात बांधू द्यावे. भगवंतांनी ती नाकारली आणि आपापल्या भाषेत धम्म शिकण्याची अनुज्ञा दिली, असा त्या कथेचा अर्थ सामान्यतः केला जातो. जे कळत नाही ते घोकण्यात पुण्य नाही, हा बोध आपण शाळेलाही लावला पाहिजे.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. म्हणजे इंग्रजीसाठी कर्ज काढून इंग्रजी माध्यमाचीच शाळा गाठली पाहिजे, असे मुळीच नाही. प्रश्न आहे तो शिकविण्याच्या रीतीचा. मूल कविता धडाधड म्हणून दाखविते, आपण हर्षित होतो. पण त्याला वाचता येते काय?

वाचन म्हणजे खुणेवरून आवाज आणि आवाजावरून अर्थ ओळखणे. ही युक्ती मूल एकदाच शिकते, आणि ज्या भाषेतील शब्द त्याला आधीच ठाऊक आहेत त्या भाषेत ती लवकर साधते. आपली मराठी बहुतेक बोलल्याप्रमाणे लिहिली जाते. इंग्रजीचे तसे नाही. तिची अक्षरे २६ आणि आवाज सुमारे ४४. ‘ए’ हे एकच अक्षर ‘कॅट’मध्ये एक आवाज देते, ‘केक’मध्ये दुसरा, ‘कार’मध्ये तिसरा आणि ‘बॉल’मध्ये चौथा. म्हणून नुसती एबीसीडी पाठ करून वाचन येत नाही. अक्षराच्या नावाबरोबर त्याचे आवाज शिकवावे लागतात.

आपल्या गावाचेच नाव घ्या. मराठीत ‘सेलू’ हे दोन अक्षरांत लिहून होते, कारण स्वर मात्रा आणि उकार होऊन व्यंजनाला चिकटतो. इंग्रजीत तेथे एस, ई, एल, यू अशी चार अक्षरे एकापुढे एक उभी राहतात. ज्या मुलाला मराठीतील मात्रा आणि उकार पक्के कळले आहेत, त्याला हा भेद एका दिवसात समजेल. ज्याला मराठीच वाचता येत नाही, त्याला दोन्ही पाट्या सारख्याच मुक्या राहतील. बस, तिकीट, स्टेशन, डॉक्टर, पंप हे शब्द मुलाच्या तोंडी आहेतच. शिक्षकांनी आरंभ त्यांपासून करावा.

निरक्षर मातेलाही मुलाची परीक्षा घेता येते. पाठ झालेल्या धड्यातील मधल्याच एका शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, “हा शब्द कोणता?” मूल वरपासून पुटपुटत तेथवर आले तर ते पाठ म्हणते आहे, थेट सांगितले तर ते वाचते आहे. ही परीक्षा मराठीत आधी घ्या, नंतर इंग्रजीत. मूल अडले तर त्याला मारू नका. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन गुरुजींना विचारा.

विचारण्याचा हा अधिकार कायद्याने दिलेला आहे. २००९ सालचा बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात जागा द्याव्या लागतात. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्टही हेच की, तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे. या समितीत आपल्या वस्तीतील माता बसल्या पाहिजेत, आणि तिसरीतील किती मुलांना वाचता येते हा प्रश्न त्यांनी प्रत्येक बैठकीत विचारला पाहिजे.

एक गोष्ट विशेष काळजीची आहे. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. मूल बरोबर गेले की नुकती ओळखीची झालेली अक्षरे शेतात पुसली जातात. शक्य असेल तर मुलास आजीजवळ अथवा हंगामी वसतिगृहात ठेवा. न्यावेच लागले तर त्याची पुस्तके बरोबर घ्या आणि तेथील शाळेत नाव घाला. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे ठामपणे सांगा.

ज्यांना वाचता येते त्या तरुणांनी रोज सायंकाळी अर्धा तास वस्तीतील मुलांसाठी द्यावा. मुले एकत्र बसवावी, प्रत्येकाकडून मोठ्याने एक पान वाचून घ्यावे. याला इमारत लागत नाही, वर्गणी लागत नाही. बाबासाहेबांचे ग्रंथ ज्या भाषेत त्यांनी लिहिले त्या भाषेत वाचणारी पिढी सेलूत निर्माण व्हावी, अशी आपली आकांक्षा असेल, तर तिचा आरंभ पहिलीतील त्या एका पानापासून करावा लागेल.