काशीचा व्यवहार आणि मोटारवाल्याचे उत्तर

पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यात सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात नीलकंठ भट्ट होऊन गेले. त्यांचा ‘व्यवहारमयूख’ पुढे इंग्रजी अमदानीत मुंबईच्या न्यायालयांनी वारसाहक्काच्या वादांत प्रमाण मानला. ‘व्यवहार’ म्हणजे येथे देवघेव नव्हे, न्यायासनासमोरील वाद. धर्मशास्त्रकारांनी या व्यवहाराचे चार पाद कल्पिले: वादीचे म्हणणे, प्रतिवादीचे उत्तर, पुरावा आणि निर्णय. उत्तरही त्यांनी चार प्रकारचे मानले. आरोप कबूल करणे ही संप्रतिपत्ति. तो नाकारणे हे मिथ्या. घटना मान्य करून तिचे कारण पुढे ठेवणे हे प्रत्यवस्कंदन. आणि या गोष्टीचा निकाल पूर्वीच लागला आहे असे दाखविणे हा प्राङ्न्याय. आरोपीला चार तऱ्हांनी बोलता येते, ही जाण त्या काळी होती.

आता त्याच काशीत, लहुराबीरच्या चौकात, नागपूरचा एक भाड्याच्या मोटारीचा चालक उभा आहे असे समजावे. जबलपूर, रीवा, मिर्झापूर अशी वाट तुडवून त्याने यात्रेकरूंना येथवर आणलेले आहे. अतिवेगाबद्दल त्याचे चलान झाले. मागे बसलेल्या काकू म्हणतात, “भाऊ, भरून टाका पैसे. आरती चुकेल!” भाऊ पैसे भरतो आणि प्रकरण मिटले असे मानतो.

ते मिटलेले नसते. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्यात 2019 साली मोठी दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीने असे ठरविले, की जागच्या जागी रक्कम भरून गुन्ह्याची तडजोड केली, तरी पुढे तोच गुन्हा घडल्यास हा पहिला म्हणून मोजला जाईल. शिवाय अतिवेग, धोकादायक चालविणे, मद्यप्राशन अशा काही गुन्ह्यांत पोलीस परवाना काढून घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे धाडू शकतात. ती कारवाई दंड भरल्याने थांबत नाही. दुचाकीस्वाराच्या डोक्यावर शिरस्त्राण नसेल, तर एक हजार रुपये दंडाबरोबर तीन महिन्यांची अपात्रताही कायद्यात लिहिलेली आहे; दंड सर्वांना पाठ असतो, अपात्रता क्वचितच कोणाला. ज्याची चूल मोटारीवर चालते, त्याला हजार रुपयांपेक्षा हे तीन महिने जड जातात. आणि अपात्र ठरल्यानंतर मोटार चालविली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. काकूंनी घाईघाईने सुचविलेली संप्रतिपत्ति एवढी लांब पोचते.

मात्र परवाना अपात्र ठरविण्याचा अधिकार चौकातल्या शिपायाला नाही. तो न्यायालयाला आहे, आणि परवाना अधिकाऱ्याला आहे. अधिकाऱ्याने चालकाला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे आणि कारणे लेखी नमूद केली पाहिजेत. कारणांविना निघालेला हुकूम कितीही शिक्क्यांचा असला तरी लंगडाच. अशा हुकमावर तीस दिवसांच्या आत अपील करता येते.

अतिवेगाच्या आरोपात कायद्याने आणखी एक आड ठेवला आहे. ‘गाडी फार जोरात होती’ असे एकट्या साक्षीदाराचे मत एवढ्यावर शिक्षा होत नाही. त्या मतामागे यांत्रिक वा विद्युत्साधनाचे मोजमाप असावे लागते. इंग्लंडमध्ये मोटारी नवख्या होत्या तेव्हा, 1903 च्या कायद्यातच, हा विचार आलेला होता. तसेच अतिवेग व धोकादायक चालविणे या दोन गुन्ह्यांत, खटला होऊ शकेल अशी सूचना चालकाला जागेवर मिळालेली असावी, किंवा चौदा दिवसांत गुन्ह्याचे स्वरूप, वेळ व स्थळ सांगणारी नोटीस, किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स. याला अपवाद आहेत. पण तारखा मोजून पाहण्याचे कष्ट किती जण घेतात? यंत्राने टिपलेल्या चित्रालाही प्रमाणपत्र लागते. संगणकीय पुराव्याची ही अट सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली ठामपणे सांगितली, ती आपल्या जालन्याच्या एका निवडणूक वादात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात.

या साऱ्यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. 2022 साली भारतातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. अशा देशात चालकाला पळवाटा का शिकवाव्यात? रक्ताच्या शंभर मिलिलिटरमध्ये तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य घेऊन चाकामागे बसणाऱ्याचा कैवार कोणी घेऊ नये. पण सिद्ध न करता झालेली शिक्षा रस्ता सुरक्षित करीत नाही. पैसे टाकले की सुटका, एवढेच ती शिकविते. दोषी चालक दंड भरून वेग तसाच ठेवतो, आणि निर्दोष चालक तोच दंड भरून कायद्याविषयी मनात अढी धरतो. प्रत्यवस्कंदनाचे उदाहरण घ्या. रुग्णवाहिकेला वाट न देणे हा सहा महिन्यांपर्यंत कैदेचा किंवा दहा हजारांच्या दंडाचा गुन्हा आहे. तिला वाट देण्यासाठी एखाद्याने तांबड्या दिव्याची रेषा ओलांडली, तर यंत्राला रेषाच दिसेल. कारण सांगायला माणूसच पुढे यावा लागतो.

आणि येथेच नागपूरच्या भाऊंची खरी अडचण आहे. गुन्हा जेथे घडला तेथील न्यायालयात खटला चालतो. नागपुरात 2020 च्या ऑक्टोबरात आभासी न्यायालय सुरू झाले, उत्तर प्रदेशातही अशी सोय आहे. घरबसल्या चलान पाहावे, कबूल करून पैसे भरावेत, किंवा आपण लढणार असे कळवावे. पहिल्या पर्यायाला दोन मिनिटे पुरतात. दुसरा निवडला की प्रकरण त्या भागाच्या नेहमीच्या न्यायालयाकडे, म्हणजे वाराणसीच्या कचहरीत जाते. तेथे वकील पाहायचा, तारखा सांभाळायच्या, आणि प्रत्येक तारखेला नागपुरात मोटार उभी ठेवायची.