मेंदूतील पाण्याची साक्ष
गिरणाकाठच्या भडगावात रात्री धडधाकट निजलेला शेतकरी पहाटे उजवा हात लुळा पडून जागा झाला, तर पक्षाघातात मेंदूतील गुठळी विरघळविणाऱ्या औषधाची साडेचार तासांची मुदत कोठून मोजावी, हा वैद्यकापुढील बिकट प्रश्न होय. (मालिश, लेप यांत वेळ न दवडता १०८ ला तत्काळ कळवावे, हे कळकळीने सांगतो.) उत्तर मेंदूतील पाणीच देते: गुठळीने मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटताच तेथील पेशी पाणी शोषून फुगतात, जलकणांचा स्वैर संचार आखडतो, आणि, संशोधक मोझली यांनी १९९० साली मांजरांवरील प्रयोगांत दाखविल्याप्रमाणे, हा संचार टिपणाऱ्या डिफ्यूजन एमआरआयमध्ये तो भाग अल्पावधीतच वेगळा उमटतो, ‘फ्लेअर’ या दुसऱ्या प्रकारच्या एमआरआय चित्रात मात्र खूण दिसण्यास काही तास लागतात. पहिल्यात खूण आहे, दुसऱ्यात नाही, तर आघात ताजा मानून निवडक रुग्णांना औषध देणे हितावह, असा निर्वाळा २०१८ साली युरोपातील चाचणीने दिला. पुढे, जलकण मज्जातंतूंच्या लांबीच्या दिशेनेच अधिक सुलभ सरकतात, या गुणावर बॅसर प्रभृती संशोधकांनी १९९४ साली उभारलेल्या टेन्सर पद्धतीने, हाताकडे मेंदूचा हुकूम नेणारा तंतुमार्ग कितपत शाबूत आहे हे अजमावता येते, व तो हात पुन्हा विळा धरील काय, याचा अंदाज बांधण्यास आधार मिळतो.